पट्टा सैल झालाय, माणूस पाठवा

नगरहून रोह्याला जायला शहाण्या माणसाला एक दिवस लागतो. मला दोन लागले, आणि त्यातला बराचसा प्रवास मी गडब नावाच्या गावात एकाच जागी उभा राहून केला. ज्यांनी अजून कोकण पाहिलेलं नाही त्यांना आधीच सांगतो, गाडीच्या बॉनेटखाली वाकून कोकण जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या डोंगरावरूनही दिसत नाही. पुढे सांगणार आहे ते सगळं खरं आहे. काही गोष्टी लांबून दिसाव्यात म्हणून जरा मोठ्या केल्या आहेत, इतकंच.

निमित्त होतं भाची नंदाच्या लग्नाचं. आक्का, माझी थोरली बहीण, अष्टमीत दिलेली. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोरच, कुंडलिका नदीच्या अलीकडे, मधे पूल. नंदाला पलीकडे रोह्यातच दिली होती, म्हणजे सासर-माहेर पुलाच्या दोन टोकांना. ही नंदा सहा वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून, स्टिअरिंगला लोंबकळत म्हणाली होती, "मामा, मी सासरी याच गाडीतून जाणार." लहान पोरं असं बोलून विसरतात. ही विसरली नाही. मुलाकडच्यांनी फुलांनी मढवलेली नवीकोरी गाडी ठरवली, तर हिने सांगून टाकलं, "मामाची गाडी येणार आहे." झालं. आता मामा नुसता पोचून भागणार नव्हतं. गाडी पोचायला हवी होती.

गाडी मी घेतली तेव्हाच इतकी म्हातारी होती, की ज्याच्याकडून घेतली तो म्हणे तिला घाबरून नमस्कार करायचा. रंग मूळचा निळा असावा. रविवार उजाडला की मी तिच्यापाशी, म्हणून माझी बायको कुसुम तिला पहिल्या दिवसापासून "सवत" म्हणते. "जेवायला येताय की सवतीपाशीच पान वाढू?" हे आमच्या घरचं नेहमीचं वाक्य.

पेण

घाट उतरून पेणला आलो तोवर सवतीने तोंड उघडलेलं नव्हतं. पेणमध्ये शिरताना मात्र बाजारातच तिने असा काही सूर लावला, चीं करून, की पापडवालीने दोन्ही हातांनी पापड झाकले आणि एका बैलाने आदराने वाट दिली.

हा सूर मी ओळखतो. इंजिनच्या पुढच्या तोंडाला एक रबरी पट्टा असतो. तो पंखा फिरवतो, पाणी फिरवतो आणि डायनॅमोही फिरवतो. डायनॅमो म्हणजे वीज करणारा तो लोखंडी डबा. हा डबाच बाहेर ओढून पट्ट्याला ताण द्यायचा आणि वरची पट्टी आवळून त्याला तिथेच धरून ठेवायचं. ताण गेला की पट्टा घसरतो आणि किंचाळतो. म्हणजे अगदी सोपं काम. मुक्कामाच्या घरी, सदा नावाच्या माझ्या जुन्या मित्राच्या अंगणात, मी वरचा बोल्ट सैल केला, लोखंडी टामीने डायनॅमो बाहेर रेटला, बोल्ट आवळला, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. तंबोऱ्याची तार! सदाच्या ओटीवर गणपतीच्या मूर्ती वाळत होत्या, भिंतभर, दारभर, चुलीपर्यंत. त्यांचे डोळे अजून काढायचे होते. नाहीतर माझी ही कारागिरी एवढ्या समुदायाने एकदम पाहिली असती.

सदाच्या बायकोने पोह्याचे पापड भाजून समोर ठेवले. आमच्या नगरकडे पापड जेवणाच्या बाजूला असतो. इथे जेवण पापडाच्या बाजूला होतं. मी किती खाल्ले ते कुसुमने मोजले, मी मोजले नाहीत.

त्याच संध्याकाळी आक्काचा सदाकडे फोन आला. "बाळू, पट्टा घेतलास ना?" घेतला होता. हा पट्टा वेगळा. आमच्या आईचा कमरपट्टा, चांदीचा, वर सोन्याचं पाणी. घरातली प्रत्येक मुलगी तोच लेवून बोहल्यावर उभी राहिली. तासाभराने पुन्हा फोन. "पट्टा कुणाकडे आहे? तुझ्याकडे नको, कुसुमकडे दे." म्हणजे त्या दोन दिवसांत अष्टमीच्या लग्नघरात "पट्टा" या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

गडब

सकाळी पापडाचा डबा, रुखवताची घंगाळं, कुसुमच्या मांडीवर कमरपट्टा, असे निघालो. मुहूर्त गोरजाचा. म्हणजे सूर्य मावळेपर्यंत आख्खा दिवस हाताशी, आणि रस्ता जेमतेम दोन तासांचा. वडखळला धरमतरकडचा फाटा मागे टाकला. उन्हात मिठाचे ढीग असे चकाकत होते की कुसुमने डोळ्यांवर पदर घेतला. आमच्याकडे पावसाचं पाणी पिंपात राखून ठेवतात; हे लोक समुद्रच वाफ्यात कोंडून वाळवतात आणि पोत्यात भरतात. माणसाने इतकं श्रीमंत असू नये, असं मी म्हणत होतो, तोच स्टिअरिंगमागचा, वीज बंद पडल्याचा लाल दिवा लागला. मग चीं. मग काट्याने तापमान असं दाखवलं की डब्यातले पापड आपोआप भाजले जातील.

थांबलो ते गडबला, एका चहाच्या टपरीसमोर. टपरी हिराबाईंची. शेजारी पिवळ्या पाटीचं एसटीडी फोनचं दुकान, ते युसुफभाईंचं. मस्कतला बारा वर्षं गाड्या चालवून आलेला उंच माणूस, दाढीला मेंदी. मी बॉनेट उघडलं आणि तो आलाच.

"पट्टा," मी म्हणालो.

"पट्टाच," तो म्हणाला. "मस्कतला आमच्या शेखच्या गाडीला पट्टाच नव्हता. नुस्त्या दुव्यावर चालायची."

मला माणूस आवडला. इतकं सहज खोटं मी स्वतःच बोलू शकतो.

पट्टा पुन्हा सैल होता. पण गंमत अशी, की वरचा बोल्ट होता तिथेच, घट्ट, पान्याला दाद देईना. बोल्ट हलला नाही तर ताण गेला कुठे? हा प्रश्न मी युसुफभाईंना मोठ्याने विचारला, म्हणजे मला विचार करायला वेळ मिळावा. पुन्हा ताण दिला, इंजिन चालू केलं. थोडा वेळ गोड, मग चीं. डिकीतला नवा पट्टा चढवला. तो गावाचा निरोपही न घेता पुलीवरून उडाला आणि हिराबाईंच्या टपरीच्या छपरावर पडला.

"तुझी गाडी व्यायली गो!" हिराबाई कुसुमला म्हणाल्या.

"माझी नाही," कुसुम म्हणाली. "ती माझी सवत आहे."

"मंग रडू दे तिला. तू भाकरी खा."

तांदळाची भाकरी, इतकी पांढरी आणि मऊ की हात पुसायचं फडकं समजून मी ती उचलणार होतो. वर सुकट, कांदा घालून, चुरचुरीत. बाजरीच्या भाकरीला दात लागतात, हिला नुसती इच्छा लागते. एक भाकरी मी वाकल्या वाकल्या, इंजिनच्या वाफेवर गरम ठेवून खाल्ली.

उडालेला पट्टा हातात घेऊन बघितला तर त्याचा एकच काठ खाल्लेला, काळे धागे सुटलेले. दुसरा काठ कोरा. माझ्या चपलाही एका अंगाने झिजतात, कारण मी तिरका चालतो असं कुसुमचं म्हणणं. म्हणजे पट्टाही तिरका चालत होता! मी डायनॅमो दोन्ही हातांनी धरून हलवला. डबा मान डोलवायला लागला, सासऱ्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवणाऱ्या जावयासारखा. त्याला खाली दोन कान असतात, पुढे एक, मागे एक, आणि दोघांच्या भोकांतून एक लांब बोल्ट जातो. पुढच्या कानाचं भोक झिजून अंड्याच्या आकाराचं झालं होतं. वरून कितीही आवळा, खालून डबा कलणार, पट्टा तिरका ओढला जाणार.

"सापडलं!" मी ओरडलो. "कान झिजलाय!"

रोग सापडला, औषध नव्हतं. भोकात बसेल अशी एक धातूची कडी हवी होती. पत्र्याचा तुकडा गुंडाळून घातला, तो चुरमुऱ्यासारखा चुरला. युसुफभाईंनी मस्कतची युक्ती म्हणून नायलॉनच्या दोरीने डायनॅमो बांधला. दोरी जळाली, वास अजून माझ्या सदऱ्याला आहे. पेणला परत जाऊन कडी आणावी, तर लग्नसराईच्या एसट्या दाराला माणसं चिकटवून न थांबता जात होत्या. कुसुम म्हणाली, "मिळेल त्या ट्रकने जाऊ. गाडी राहू दे."

"आणि नंदा?"

ती टपरीच्या बाकावर जाऊन बसली. ऊन टपरीच्या मागे कलायला लागलं होतं.

"रोह्यातून माणूस मागवा," युसुफभाई म्हणाले. "नंबर द्या. तुमचे हात काळे, माझा फोन पांढरा. मी बोलतो."

मी बॉनेटखालून ऐकत होतो. आवाज असा, की फोन नसता तरी रोह्याला ऐकू गेलं असतं.

"हॅलो, लग्नघर? हां, तुमचे मामा हितं गडबला अडकलेत. नाय नाय, माणसं बरी हायेत. पट्टा! पट्टा सैल झालाय. कान झिजलाय त्याचा. व्हय, बांधून बघितला, ऱ्हात नाय. जाणता माणूस पाठवा, हत्यारं घेऊनशी. नायतर भर लग्नात गळून पडंल!"

मी आतून दाद दिली. इतका मुद्देसूद निरोप मलाही जमला नसता.

ऊन आणखी उतरलं तेव्हा एक स्कूटर आली. वर पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि दोन पायांच्या मधे लाकडी पेटी, लेकरासारखी धरलेली. मेकॅनिक इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, कोकण आहे.

"कुठाय पट्टा?" त्यांनी विचारलं.

"हा काय," मी बॉनेटखाली बोट दाखवलं.

ते वाकले. काळा रबरी पट्टा बराच वेळ न्याहाळला. मग टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली.

"मामा," ते म्हणाले, "तुमच्या घराण्यात नवऱ्या रबराचा कमरपट्टा घालतात?"

पुढचं हसू मी सांगत बसत नाही. हिराबाईंच्या हातातली किटली खाली पडली एवढंच लिहितो. आलेला गृहस्थ अष्टमीचा सोनार होता, पांडूशेट. आक्काने निरोप ऐकून कपाळ बडवून घेतलं होतं आणि यांना जेवणाच्या पानावरून उठवून पाठवलं होतं. कुसुमने खरा कमरपट्टा दाखवला. त्यांनी भिंग लावलं, कड्या ओढून पाहिल्या, म्हणाले, "याला काय धाड भरलेय? तुमची नात लेवंल हा." आणि पेटी उचलून निघाले.

मी आडवा झालो. म्हणजे खरोखर नाही, बोलण्याने. "शेट, एक कडी हवी आहे. या भोकात बसेल अशी."

"मी लोखंडाला हात लावत नाय."

"लावू नका," मी म्हणालो. "मी युसुफभाईंना तेच सांगत होतो. ते म्हणत होते मस्कतचा सोनार बसल्या बसल्या करून देईल. मी म्हटलं, मस्कतची गोष्ट वेगळी, आपल्याकडे कुठे तो हात."

युसुफभाईंनी असलं काही म्हटलं नव्हतं. पण माणूस दिलदार, लगेच मान हलवली. "व्हय. मस्कतला सोनार विमानं दुरुस्त करतात."

पांडूशेटांनी पेटी खाली ठेवली.

पेटीतून निघालं एक चांदीचं जोडवं, रुंद, जाड. "हे नंदाचंच," ते म्हणाले. "पयलं केलं ते माप मोठं झालं, बोटात फिरायला लागलं. तिला दुसरं करून दिलं. हे आटवायला ठेवलंय." मी अर्धा ओढून दिलेल्या बोल्टवर चढवून पाहिलं, चिमट्याने वाकवलं, इवल्या हातोडीने असं ठोकलं की आवाजसुद्धा नाजूक आला, कानस फिरवली. फुंकर मारून माझ्या तळव्यावर ठेवलं. मी ते पुढच्या कानात सरकवलं. बसलं! पायाच्या बोटात बसावं तसं.

मी हात पुसले. "झालं. उपकार झाले, शेट."

त्यांच्या हातात दुसरं जोडवं होतं.

"हे पण घाला."

"अहो, मागचा कान चांगला आहे. पुढचाच झिजलेला होता."

"जोडवं एकटं देत नसतात," ते म्हणाले. "माझ्या बापानं दिलं नाय, मी देणार नाय. एका पायात जोडवं नि दुसरा उघडा, असं कुठं अशुभ करता का लग्नाच्या दिवशी? मागं घाला, नायतर पुढचं काढून द्या."

हिराबाई त्यांच्या बाजूच्या. कुसुमही त्यांच्या बाजूची. सवतीच्या बाजूने बायको बोलताना मी पहिल्यांदा ऐकली. "घाला हो मुकाट्याने. बिचारीला एकच काय म्हणून?"

वाद घालायला ऊन शिल्लक नव्हतं. मी लांब बोल्ट पूर्ण उपसला, बोट मागच्या कानात घातलं, आणि बोट आत गोल फिरलं. मागचा कान पुढच्यापेक्षा जास्त झिजलेला! अंधारात, इंजिनच्या अंगाला, कुणाला दिसणार तो? नुसत्या पुढच्या जोडव्यावर निघालो असतो तर डबा उलट्या बाजूला कलला असता आणि नागोठण्याच्या आत आम्ही पुन्हा रस्त्यावर.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला माहीतच होतं," मी म्हणालो.

दुसरं जोडवं मागे बसलं. बोल्ट घातला, टामीने रेटून ताण दिला, आवळलं. डायनॅमो हलवला, जावयाने मान डोलवणं बंद केलं होतं. किल्ली फिरवली. लाल दिवा विझला. आवाज नाही. इतकी शांतता, की युसुफभाईंनी बॉनेटला कान लावून खात्री केली, चालू आहे ना. हिराबाई आतून हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि बॉनेटवर दोन बोटं उमटवली.

"नवी नवरी हाय गो," त्या कुसुमला म्हणाल्या. "सांभाळून ने."

अष्टमी

गडब ते अष्टमी मी गाडी चालवली नाही. गाडीने मला नेलं. पांडूशेटांची स्कूटर पुढे, आम्ही मागे. ते वाटेत भेटेल त्याला मागे बोट दाखवत काहीतरी सांगत होते, आणि लोक आमच्या गाडीला वाकून बघत होते. नागोठण्याला रोह्याकडे वळलो तेव्हा ऊन तांबूस झालं होतं.

मंडपात अंतरपाट हातात घेऊन दोघे उभे, गुरुजी घसा खाकरताहेत, आणि नंदा आत, पाटावर बसून राहिलेली. मामा आल्याशिवाय उठणार नाही म्हणून सांगितलेलं. आक्का दारातच.

"बाळू! पट्टा?"

कुसुमने पुढे केला. आक्काने उलटासुलटा करून पाहिला.

"काय म्हणाला सोनार?"

"दोन्ही कान झिजले होते," मी म्हणालो. "जोडवी घातली."

"कुठे?" आक्का कमरपट्ट्यावर जोडवी शोधायला लागली. समजावून सांगायला वेळ नव्हता. आक्काने पट्टा नंदाच्या कमरेला बांधला, मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. पाठीला आधार द्यायला दुसरा हात लावला, तेव्हा तो धुतलेला नाही हे मला आठवलं. पिवळ्या शालूवर, आईच्या कमरपट्ट्याच्या बरोब्बर वर, माझी पाच काळी बोटं उमटली. फोटोत ती सगळ्यांत ठळक आली आहेत. मुलाकडची एक म्हातारी हळूच विचारत होती, तुमच्याकडे ही रीत आहे का? आक्का म्हणाली, "हो, मामाची."

जेवणात वालाचं बिरडं होतं. त्यावर मी स्वतंत्र लिहू शकतो, पण नको. लोकांना खोटं वाटेल.

मग पाठवणी. तो पूल तुम्ही पाहिलात तर म्हणाल, एवढंसं तर अंतर, रडायचं काय त्यात? पण सगळे रडले. आक्का रडली. पांडूशेट रडले, वास्तविक त्यांचं नातं फक्त मापापुरतं. नवरामुलगा मागच्या सीटवर अंग चोरून बसलेला, त्याचेही डोळे भरून आले. मी गाडी अगदी सावकाश पुलावर घेतली. खाली कुंडलिका, काळी, रोह्याचे दिवे अंगावर घेतलेली. मागे नंदा हुंदके देत होती.

निम्म्या पुलावर हुंदके थांबले.

"मामा, ही आज ओरडत कशी नाही?"

"आज तिचंही लग्न झालं. तुझी जोडवी घातली आहेत तिने. मोठी झालेली."

ती इतकी हसली, की पलीकडे दारात ताम्हण घेऊन उभ्या असलेल्या तिच्या सासूला वाटलं असणार, सून आनंदाने येते आहे. आणि तसं बघितलं तर ती आनंदानेच आली.

पुन्हा नगर

परतीत पट्ट्याने हूं की चूं केलं नाही. गडबला थांबून हिराबाईंना लाडू दिले. युसुफभाई एका ट्रकवाल्याला सांगत होते, की मस्कतहून आलेल्या एका सोनाराने हितं विमान दुरुस्त केलं. मी मधे बोललो नाही.

घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने बोल्ट ओढला, आत चांदी बघितली आणि खाली बसून हसला. म्हणाला, साहेब, या मापाचा पोलादी बुश, म्हणजे कडी, माझ्याकडे आहे, ही चांदी काढून तो टाकतो. चांदी मऊ असते, टिकायची नाही. बरोबर बोलत होता. मी "टाक" म्हणणार, एवढ्यात कुसुम हातातलं पीठ तसंच घेऊन अंगणात आली.

"हात लावू नका," ती त्याला म्हणाली. "सवत असली म्हणून काय झालं? सवाष्ण आहे ती."